चिवट जिवाणू आणि वनौषधींची कसोटी

पोटात आग पडणे, जेवणानंतर वरचे पोट गच्च होणे, मध्यरात्री रिकाम्या पोटी कळ येऊन जाग येणे. या साऱ्या तक्रारींना आपल्याकडे ‘पित्त’ या एकाच नावाने ओळखले जाते. त्यावर थंड दूध, ज्येष्ठमधाची कांडी, आवळा असे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि पुष्कळदा त्यांनी बरेही वाटते. परंतु यांपैकी काही रुग्णांच्या जठरात एक सूक्ष्म, नागमोडी आकाराचा जिवाणू वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे नाव. जठर व लहान आतड्याच्या तोंडाशी होणाऱ्या व्रणांचे तो एक प्रमुख कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने तर १९९४ सालीच त्याची गणना मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या वर्गात केली.

या जिवाणूवर प्रतिजैविकांचा उपचार आहे. मात्र तो पूर्वीइतका हमखास राहिलेला नाही. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जिवाणू जगभर वाढत चालले आहेत. अशा वेळी हळद, लसूण, ज्येष्ठमध, दारुहळद, ब्रोकोली अशा वनस्पतींच्या अर्कांकडे संशोधकांचे लक्ष वळणे स्वाभाविकच होते. ‘अमुक वनस्पतीने हट्टी जिवाणूचा नाश’ अशा मथळ्यांच्या बातम्याही अधूनमधून झळकतात. त्यांत तथ्य किती? वनस्पतींचे अर्क प्रतिजैविकांची जागा घेऊ शकतात काय? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नावर बरेच काम झाले आहे. त्याचे उत्तर सरसकट होकारार्थी नाही, तसेच ते निराशाजनकही नाही.

आम्लात राहणारा जीव

जठरातील आम्ल इतके तीव्र असते की, तेथे कोणताही जिवाणू तग धरू शकणार नाही, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ समजूत होती. व्रण होतो तो चिंता, तिखट खाणे आणि आम्लाचा अतिरेक यांमुळे, असेच वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकविले जात असे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली हे जिवाणू दिसले. पुढे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. प्रयोगशाळेत हा जिवाणू काही केल्या वाढत नव्हता. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे वाढीसाठी ठेवलेल्या बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत तो उगवून आला. या जिवाणूला वाढण्यास सवड लागते, एवढेच काय ते गुपित होते! तरीही जग विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच जिवाणूंचे द्रावण प्राशन केले. थोड्याच दिवसांत त्यांना जठरदाह झाला. या दोघांना २००५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जिवाणू जगतो तो एका युक्तीच्या बळावर. त्याच्याजवळ युरिएज नावाचे विकर मोठ्या प्रमाणात असते. जठरातील युरियाचे विघटन करून ते अमोनिया तयार करते आणि अमोनियामुळे जिवाणूभोवतीचे आम्ल सौम्य होते. एवढा आडोसा मिळाला की, आपल्या शेपटीसारख्या तंतूंच्या साहाय्याने तो जठराच्या आतील चिकट श्लेष्मस्तरात शिरतो आणि पेशींना चिकटून बसतो. तेथे आम्लाची तीव्रता पुष्कळच कमी असते. औषधेही तेथपर्यंत सहजासहजी पोहोचत नाहीत. वनस्पतींच्या अर्कांची पुढील सारी कहाणी समजून घ्यायची, तर जिवाणूची ही राहण्याची जागा ध्यानात ठेवली पाहिजे.

संसर्ग बहुधा बालपणीच, घरातल्या घरात किंवा दूषित पाण्यातून होतो आणि उपचार न केल्यास तो बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर टिकतो. जगातील जवळजवळ निम्म्या लोकसंख्येला तो कधी ना कधी झालेला असतो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांमध्ये तो आढळतो. यांतील बहुसंख्य लोकांना कसलाही त्रास होत नाही. साधारण दहांतील एकाला आयुष्यात कधी तरी व्रण होतो, तर शंभरांतील एक ते तिघांना जठराचा कर्करोग होण्याची शक्यता असते. शेकडेवारी लहान दिसली, तरी संसर्ग कोट्यवधींना असल्यामुळे रुग्णांची संख्या प्रचंड होते.

औषधे निष्प्रभ का होतात?

या जिवाणूवर एकच औषध कधीही पुरे पडत नाही. आम्ल कमी करणारे एक औषध आणि सोबत दोन प्रतिजैविके, असा तिहेरी उपचार १९९० च्या दशकात रूढ झाला. त्यांतील प्रतिजैविके म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिन आणि त्याच्या जोडीला अमॉक्सिसिलिन किंवा मेट्रोनिडॅझोल. आरंभी यशाचे प्रमाण उत्तम होते. पुढे ते घसरत गेले.

कारण उघड आहे. क्लॅरिथ्रोमायसिन जिवाणूच्या पेशीतील प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेला जाऊन चिकटते आणि तिचे काम थांबविते. त्या यंत्रणेच्या जनुकीय आराखड्यात केवळ एका अक्षराचा बदल झाला, तरी औषधाला चिकटण्यास जागा उरत नाही. खोकला व घशाच्या विकारांवर सर्रास दिले जाणारे अझिथ्रोमायसिन हे याच कुळातील औषध. त्याच्या वापरातूनही क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारे जिवाणू निवडले जातात. मेट्रोनिडॅझोलची तऱ्हा निराळी. ते पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते आणि जिवाणूच्याच एका विकरामुळे त्याचे विषात रूपांतर होते. ते विकर बनविणारे जनुक बिघडले की, औषध निरुपद्रवी होऊन बसते. आव, जुलाब यांवर वर्षानुवर्षे या गोळ्या घेतल्या जाणाऱ्या भारतासारख्या देशात अशा जिवाणूंचे प्रमाण मोठे असावे, यात नवल नाही. देशातील अनेक शहरांमधून गोळा केलेल्या नमुन्यांवर आधारित अशी एक पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मेट्रोनिडॅझोलला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण ७७ टक्क्यांहून अधिक, तर क्लॅरिथ्रोमायसिनच्या बाबतीत ते ४४ टक्क्यांच्या घरात आढळले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ज्या जिवाणूंवर नवी औषधे तातडीने हवीत त्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या या जिवाणूचा त्यात ‘उच्च प्राधान्य’ गटात समावेश होता. २०२४ च्या सुधारित यादीत तो नाही; पण त्यामुळे डॉक्टरांपुढील अडचण संपलेली नाही. एक उपचार फसला की पुढचा अधिक लांब, अधिक गोळ्यांचा आणि अधिक त्रासदायक असतो. मळमळ, तोंडात धातूसारखी चव, जुलाब यांना कंटाळून रुग्ण औषध मध्येच सोडतो आणि चिवट जिवाणूंना आणखी वाव मिळतो. ‘काही तरी झाडपाल्याचे द्या’ ही मागणी नेमकी याच टप्प्यावर पुढे येते.

काचेच्या बशीतले यश

वनस्पतींच्या अर्कांविषयीची आशा निराधार नव्हती. ग्रीसच्या किऑस बेटावर पिस्ताच्या जातकुळीतील एका झुडपाचा डिंक निघतो. युनानी वैद्यकात तो ‘रूमी मस्तगी’ म्हणून परिचित आहे. इराकमधील डॉक्टरांनी १९८४ मध्ये तो व्रणाच्या रुग्णांना देऊन पाहिला आणि अनेकांचे व्रण भरून आल्याचे नमूद केले. १९९८ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी एका विख्यात वैद्यकीय नियतकालिकात छोटेसे पत्र लिहून कळविले की, हा डिंक अगदी अल्प प्रमाणातही हेलिकोबॅक्टर पायलोरीला मारतो. मेट्रोनिडॅझोलला न जुमानणारे जिवाणूही त्यापुढे टिकले नाहीत. मस्तगीच्या गोळ्यांचा बाजार त्यानंतर झपाट्याने वाढला.

२००२ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ब्रोकोलीतील सल्फोराफेन या द्रव्याबाबत असेच निष्कर्ष मांडले. जिवाणू पेशीबाहेर असो वा पेशीच्या आत दडलेला असो, प्रतिजैविकांना दाद देणारा असो वा नसो, सल्फोराफेनने त्याची वाढ रोखली. हळदीतील कुर्क्युमिनची परीक्षा कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी घेतली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भारतीय रुग्णांकडून मिळविलेल्या ६५ जिवाणू-नमुन्यांची वाढ कुर्क्युमिनने रोखली. संसर्ग झालेल्या उंदरांमध्येही त्याचा उत्तम परिणाम दिसला.

प्रतिजैविकांना न जुमानणारा जिवाणू वनस्पतीच्या द्रव्यापुढे नमतो, याचे कारण समजण्यास कठीण नाही. जिवाणूने बदलून घेतलेले असते ते एक विशिष्ट कुलूप. त्यामुळे जुनी किल्ली चालत नाही. वनस्पतीतील द्रव्य त्या दाराने आत शिरतच नाही. कोणी युरिएजवर आघात करते, कोणी पेशीचे आवरण दुबळे करते, तर कोणी जिवाणूला मारण्याऐवजी जठराच्या पेशींना चिकटूच देत नाही. क्रॅनबेरी या फळातील काही टॅनिनवर्गीय द्रव्ये आणि ज्येष्ठमधाचा जलीय अर्क या तिसऱ्या प्रकारात मोडतात.

पोटातली परीक्षा

येथवर सारे ठीक होते. प्रश्न उभा राहिला तो माणसाच्या पोटात. मस्तगीने जिवाणू मरतो, असे ज्या नॉटिंगहॅममधून कळविले गेले, तेथूनच २००३ मध्ये दुसरा अहवाल आला. आठ संसर्गबाधितांना रोज चार वेळा एकेक ग्रॅम मस्तगी, अशी दोन आठवडे देण्यात आली. अखेरीस आठही जणांच्या पोटात जिवाणू जसाच्या तसा होता. २०१० मध्ये ग्रीसमध्ये झालेल्या एका चाचणीत परिस्थिती थोडी बरी दिसली. केवळ मस्तगी घेणाऱ्या १३ जणांच्या दोन गटांत अनुक्रमे चार व पाच जण जिवाणूमुक्त झाले. परंतु तिहेरी उपचार घेणाऱ्या १३ पैकी दहा जण बरे झाले होते.

कुर्क्युमिनची कथा अधिकच बोलकी आहे. थायलंडमध्ये ३६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार आठवडे कुर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी सहा टक्क्यांहून कमी रुग्णांचा संसर्ग गेला. नेहमीची औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. त्याआधी २००७ मध्ये कुर्क्युमिनच्या जोडीला दुधातील लॅक्टोफेरिन हे प्रथिन, आम्लरोधक व आणखी एक औषध देऊन झालेल्या प्रयोगात २५ पैकी तिघेच बरे झाले होते.

लसणाचेही तसेच. १९९९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका लहानशा अभ्यासात संसर्ग असलेल्या १२ जणांना एका जेवणासोबत लसणाच्या दहा कच्च्या पाकळ्या, दुसऱ्या वेळी तिखट हॅलापेनो मिरच्या आणि तिसऱ्या वेळी बिस्मथच्या गोळ्या देऊन पाहण्यात आल्या. जिवाणूची हालचाल मंदावली ती फक्त बिस्मथने. चीनमधील शान्दोंग प्रांतातील लिनचू या जठराच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असलेल्या परगण्यात १९९५ पासून हजारो लोकांवर दीर्घ अभ्यास झाला. तेथे सात वर्षांहून अधिक काळ लसणाचा अर्क व तेल देऊनही जिवाणूचा संसर्ग घटला नाही. याउलट ज्यांना आरंभी केवळ दोन आठवडे अमॉक्सिसिलिन व आम्लरोधक औषध मिळाले होते, त्यांच्यातील जठराच्या कर्करोगाचे प्रमाण २२ वर्षांनंतर जवळपास निम्म्यावर आलेले आढळले. लसूण घेणाऱ्यांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू काहीसे कमी झाले, हेही २०१९ च्या या अहवालात नोंदविलेले आहे. म्हणजे लसूण अगदीच निरुपयोगी ठरला नाही. पण जिवाणू घालविण्याचे काम त्याने केले नाही.

असे का व्हावे? बशीत जिवाणू उघड्यावर असतो आणि अर्काच्या सान्निध्यात दिवस-दोन दिवस अखंड राहतो. जठराचे तसे नसते. खाल्लेला पदार्थ काही तासांत पुढे सरकतो, पाणी आणि जठररस त्याला पातळ करतात, आम्ल त्याचे स्वरूप बदलून टाकते. जिवाणू असतो तो श्लेष्मस्तराच्या खाली, ग्रंथींच्या खाचांमध्ये. कुर्क्युमिनसारखे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बशीत ज्या संहतीने काम होते, ती संहती त्या खाचांमध्ये कित्येक तास टिकवून धरणे ही खरी अडचण आहे. प्रतिजैविके येथे सरस ठरतात. कारण त्यांतील काही रक्तात शोषली जाऊन जठराच्या भिंतीतूनही, म्हणजे मागच्या बाजूनेही जिवाणूपर्यंत पोहोचतात.

दबणे वेगळे, जाणे वेगळे

या विषयातील सर्वांत मोठा घोटाळा एका शब्दाचा आहे. जिवाणू ‘कमी होणे’ आणि ‘नाहीसा होणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. जपानमध्ये ४८ संसर्गबाधितांवर झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. काहींना आठ आठवडे रोज ७० ग्रॅम ब्रोकोलीचे कोंब देण्यात आले, तर इतरांना अल्फाल्फाचे, म्हणजे लसूणघासाचे कोंब मिळाले. ब्रोकोली खाणाऱ्यांमध्ये जिवाणूच्या अस्तित्वाच्या खुणा स्पष्टपणे घटल्या, जठरदाहही उतरला. मात्र कोंब खाणे थांबविल्यानंतर दोन महिन्यांनी सारे आकडे पुन्हा मूळ पदावर आले. जिवाणू दबला होता, गेला नव्हता.

ज्येष्ठमधाच्या बाबतीतही हाच मुद्दा उपस्थित होतो. भारतात सुमारे शंभर रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्येष्ठमधाचा विशेष प्रक्रिया केलेला अर्क ६० दिवस देण्यात आला. अखेरीस अर्क घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत जिवाणूच्या खुणा आढळल्या नाहीत. नुसती बाह्यतः तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण चार टक्के होते. निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. तथापि ही तपासणी औषधाचा काळ संपता संपता केलेली होती. दबलेला जिवाणू नंतर डोके वर काढतो की नाही, हे पाहण्यासाठी औषध थांबविल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते.

चीनमध्येच १८९ प्रौढांवर झालेल्या क्रॅनबेरीच्या चाचणीचे आकडेही हेच सुचवितात. नव्वद दिवस रोज अर्धा लिटर रस प्यायल्यानंतर सुमारे १४ टक्के लोकांची श्वासचाचणी नकारार्थी आली. नुसते तसेच दिसणारे पेय घेणाऱ्यांत ती पाच टक्क्यांची आली. फरक खरा आहे, पण शंभरांतील ८५ जणांना त्याने तारले नाही.

हा भेद केवळ संशोधकांच्या चर्चेपुरता नाही. झाडपाल्याच्या औषधाने जळजळ थांबते, भूक लागते, झोप येते. रुग्णाला वाटते, आजार गेला. आत मात्र जिवाणू असतो आणि त्याच्यासोबत व्रणातून रक्तस्राव होण्याचा, व्रण फुटण्याचा व कर्करोगाचा धोकाही तसाच राहतो. लक्षणे जाणे ही जिवाणू गेल्याची पावती नव्हे. अर्थात हे आम्लरोधक गोळ्यांनाही तितकेच लागू आहे. दुकानातून परस्पर त्या घेऊन वर्षानुवर्षे जळजळ दाबणारे रुग्ण काही कमी नाहीत.

मदतनीस म्हणून मोलाचे

मग वनस्पतींना या लढाईत स्थान नाही काय? आहे, पण ते सेनापतीचे नसून सहकाऱ्याचे असावे, असे आतापर्यंतच्या अभ्यासांवरून दिसते. याचे सर्वांत ठळक उदाहरण बर्बेरिन या पिवळ्याधमक द्रव्याचे आहे. आयुर्वेदात ज्या दारुहळदीपासून रसांजन तयार करतात, तिच्यात ते विपुल असते. चीनमध्ये बर्बेरिन जुलाबावर फार वर्षांपासून वापरात आहे. तेथे सहाशेंहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन प्रतिजैविके व आम्लरोधक औषध यांच्या जोडीला एका गटाला बिस्मथ, तर दुसऱ्याला बर्बेरिन देण्यात आले. दोन्ही गटांतील यश तोडीस तोड ठरले. प्रतिजैविके वगळून केवळ बर्बेरिन दिले असते तर काय झाले असते, याचे उत्तर या चाचणीतून मिळत नाही. शिवाय कोणाला काय मिळते आहे, हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, ही तिची मर्यादा आहे. तरीही प्रतिजैविकांच्या उपचारात वनस्पतिजन्य द्रव्य बिस्मथची जागा घेऊ शकते, ही गोष्ट लहान नाही.

इजिप्तमधील २०१० च्या चाचणीत कलौंजीची पूड आम्लरोधक औषधासोबत दिली असता दोन ग्रॅमच्या मात्रेने सुमारे ६७ टक्के रुग्णांचा संसर्ग गेला. तिहेरी उपचाराचे यश त्याहून अधिक, सुमारे ८३ टक्के होते. गंमत अशी की, तीन ग्रॅम दिल्यावर यश वाढण्याऐवजी ४८ टक्क्यांपर्यंत उतरले. रुग्णांची संख्या अवघी ८८ असल्यामुळे अशा आकड्यांवर फार मोठी इमारत उभी करता येत नाही. परंतु पुढील संशोधनाची दिशा त्यातून कळते. जिवाणूला चिकटू न देणारे, त्याचे युरिएज निकामी करणारे किंवा त्याची संख्या घटविणारे द्रव्य प्रतिजैविकांच्या बरोबरीने दिले, तर प्रतिजैविकांचे काम सोपे व्हावे, हे तत्त्व मान्य होण्यासारखे आहे.

वनस्पतींपासून समर्थ औषध निघू शकते, याविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे चीनमधील तू यूयू यांनी १९७० च्या दशकात एका वनस्पतीतूनच मिळविले आणि त्याबद्दल त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्यासाठी नेमके द्रव्य वेगळे करावे लागले, त्याची मात्रा ठरवावी लागली, रुग्णांवर चाचण्या घ्याव्या लागल्या. आणखी एक धडाही त्यात आहे. २००८ च्या सुमारास कंबोडियात आर्टेमिसिनिनलाही संथपणे दाद देणारे हिवतापाचे परजीवी आढळू लागले. औषध वनस्पतीचे आहे म्हणून रोगजंतू त्याच्याशी जुळवून घेणार नाहीत, असे नसते.

निर्धोक म्हणजे काय?

‘आयुर्वेदिक आहे, अपाय तर होणार नाही’ हे वाक्य आपल्याकडे पदोपदी ऐकू येते. स्वयंपाकातील हळद आणि कोंडलेला अर्क यांत फरक करायला हवा. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन या द्रव्यामुळे दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास अंगावर सूज येते, रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. ज्येष्ठमधापासूनच बनविलेले कार्बेनॉक्सोलोन हे औषध १९६० च्या दशकात व्रणावर वापरले जात असे; याच दुष्परिणामांमुळे ते मागे पडले. म्हणूनच वर उल्लेख केलेल्या चाचणीतील अर्कातून ग्लिसिरायझिन बव्हंशी काढून टाकलेले होते. बर्बेरिन गर्भवती व नवजात अर्भकांसाठी वर्ज्य मानले जाते आणि इतर काही औषधांचे रक्तातील प्रमाण ते वाढवू शकते. कुर्क्युमिनचे शोषण वाढविण्यासाठी मिऱ्यातील पायपरिन मिसळलेल्या गोळ्या मिळतात. अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिका, इटली या देशांत झाल्या आहेत.

दुसरी अडचण सातत्याची. एकाच वनस्पतीचे मूळ, साल वा पान, ते कोणत्या हंगामात काढले, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावर त्यातील द्रव्यांचे प्रमाण बदलते. ब्रोकोलीतील सल्फोराफेन तर कोंब चावल्यावर वा चिरल्यावरच तयार होते. ते घडविणारे विकर फार शिजविल्यास नष्ट होते. तेव्हा एका चाचणीतील यशाचा हवाला देऊन बाजारातील भलतीच गोळी खपविणे, ही ग्राहकाची दिशाभूलच होय.

रुग्णाने काय करावे?

जळजळीच्या प्रत्येक तक्रारीमागे हा जिवाणू असतोच असे नाही. वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हेही व्रणाचे मोठे कारण आहे. तक्रार महिनोन्‌महिने टिकत असेल, तर श्वासचाचणी, शौचाची तपासणी किंवा दुर्बिणीतून घेतलेला जठराचा तुकडा यांद्वारे जिवाणू आहे की नाही, हे निश्चित करता येते. काळ्या डांबरासारखी शौचास होणे, उलटीत रक्त पडणे, कारणाविना वजन घटणे, घास गिळताना अडणे ही लक्षणे असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता दुर्बिणीची तपासणी करून घेणे आवश्यक असते.

संसर्ग निश्चित झाल्यास अलीकडची मार्गदर्शक तत्त्वे आम्लरोधक औषध, बिस्मथ, टेट्रासायक्लिन व मेट्रोनिडॅझोल अशा चौपदरी उपचाराला प्राधान्य देतात. अमेरिकेतील जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये तो १४ दिवस देण्याची शिफारस केली. एकट्या मेट्रोनिडॅझोलला न जुमानणारा जिवाणूही या चौघांच्या एकत्रित माऱ्यापुढे बहुधा टिकत नाही. बिस्मथमुळे शौचास काळी होते. त्याने घाबरून औषध सोडू नये, मात्र डांबरासारखी चिकट व दुर्गंधीयुक्त शौचास होत असल्यास डॉक्टरांना कळवावे. पूर्वी कोणकोणती प्रतिजैविके घेतली होती, हे त्यांना आठवून सांगावे. पुढचे औषध निवडताना त्याचा मोठा उपयोग होतो. सोबत एखादा काढा, चूर्ण वा अर्क चालू असेल, तर तोही लपवू नये.

सर्वांत दुर्लक्षित पायरी शेवटची. उपचार संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी, आणि आम्लरोधक गोळ्या दोन आठवडे बंद ठेवून, पुन्हा तपासणी करून घेतली पाहिजे. त्याआधी केलेली तपासणी दबलेल्या जिवाणूला हुडकू शकत नाही आणि खोटा दिलासा देते. प्रतिजैविक असो की ज्येष्ठमधाचा अर्क, परीक्षा एकच: औषध थांबल्यावर जिवाणू परत दिसतो की नाही?

वनौषधींचे चाहते आणि टीकाकार या दोघांनीही हा निकष मान्य केला, तर पुष्कळ वाद मिटतील. दारुहळदीने एका मोठ्या चाचणीत सहकाऱ्याची भूमिका नीट वठविली आहे. ज्येष्ठमध व कलौंजी यांनी अधिक मोठ्या चाचण्यांची पात्रता सिद्ध केली आहे. हळद आणि मस्तगी यांना, निदान आजच्या स्वरूपात, एकट्याने हे काम झेपलेले नाही. नव्या प्रतिजैविकांची आवक आटत चाललेल्या काळात वनस्पतींचे हे भांडार दुर्लक्षून चालणार नाही. परंतु त्याची किंमत ज्या रुग्णाचा व्रण आतून चिघळतो आहे, त्याने चाचणीविना चुकवावी, अशी अपेक्षा कोणी करू नये.